त्याच झाडाकडे पुन्हा

देवलापारच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत शिरलं की एका स्नेह्याची पडीत जमीन लागते. तिच्या मागच्या अंगाला जंगलाचा एक तुकडा शिल्लक राहिला आहे. पेंचपासून तुटलेला, पण झाडं तीच: साग, ऐन, धावडा, लेंडिया, मोवई, तेंदू, चार, आणि टेकाडावर सालई. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही काही जण तिथे जातो आणि प्रत्येक झाडाचा घेर मोजतो. बिल्ल्यावरचा नंबर वाचायचा, टेप गुंडाळायची, आकडा मोठ्यानं सांगायचा, लिहिणाऱ्यानं तो परत म्हणायचा, मग पुढचं झाड. दुपारपर्यंत मान आणि घसा दोन्ही दुखायला लागतात. कुणी विचारतं, यातून काय निघालं? अजून फारसं काही निघालेलं नाही. निघायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायचा हे आम्ही ठरवलेलं आहे.

*

घेर मोजायची उंची १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. इंग्रजी अमलात वनखात्यानं ही ‘छातीची उंची’ धरली आणि आपल्याकडे ती टिकली. जगात बहुतेक ठिकाणी १.३ मीटरवर मोजतात. कोणती उंची घेतली याला फारसं महत्त्व नाही. पहिल्या वर्षी जी घेतली तीच शेवटपर्यंत पाळली पाहिजे. म्हणून खोडावर रंगाचा बारीक पट्टा ओढून ठेवायचा आणि टेप त्या पट्ट्यावरच बसवायची.

बिल्ला ॲल्युमिनियमचा, खिळाही ॲल्युमिनियमचा. खिळा पट्ट्यापासून बराच वर मारायचा, कारण खिळ्याभोवती साल फुगते आणि घेर खोटा वाढतो. आणि तो पुरता ठोकायचा नाही. अर्धा बाहेर ठेवायचा. झाड वाढतं तसं ते खिळा आत घेत जातं. पुरता ठोकलेला असेल तर काही वर्षांत बिल्ल्याची कडा सालीत रुतते, मग नंबर दिसेनासा होतो. एका धावड्यावर हे अगदी जवळून पाहिलं. बिल्ल्याच्या वरच्या काठावर राखी सालीची गोल गुंडाळी आली होती, गुळगुळीत, ओठासारखी. चार आकड्यांपैकी दोनच बाहेर होते. बाकीचे दोन शेजारच्या झाडांच्या नंबरांवरून लावले आणि वर नवा खिळा मारला.

*

महिना बदलायचा नाही, हेही तितकंच कडक. नागपूरकडे वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने झाड साठवणीवर काढतं. उन्हाळ्यात खोडातलं पाणी घटतं, साल आक्रसते, आणि मे महिन्यात टेप लावली तर झाड गेल्या वर्षीपेक्षा बारीक भरतं. पहिले चार पाऊस झाले की तेच खोड फुगतं. ती वाढ नव्हे, नुसतं पाणी. एक वर्ष मेमध्ये आणि पुढचं जुलैत मोजणाऱ्याच्या वहीत जंगल भराभर वाढलेलं दिसेल.

सालईची आणखी वेगळी तऱ्हा. तिची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. कुल्लूचंही तसंच. वर्षभरात झाड वाढलेलं असतं, पण एक पापुद्रा गळून पडल्यामुळे आकडा कमी येतो. असा आकडा खोडायचा नाही. जसा आला तसा लिहायचा आणि पुढे ‘साल सुटली’ एवढी नोंद करायची. दहा-पंधरा वर्षांची रांग झाली की ती पापुद्र्याची चूक आपोआप विरते.

*

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून नावाचं सरोवर भरलं आणि त्यात एक डोंगर बेट होऊन उरला: बारो कोलोराडो. तिथल्या जंगलात १९८० साली स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या दोघांनी पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आखला आणि बोटाएवढ्या जाडीच्या, म्हणजे एक सेंटिमीटर व्यासाच्या रोपापासून पुढचं प्रत्येक खोड मोजायला घेतलं. सुमारे अडीच लाख खोडं, तीनशेच्या आसपास जाती. पहिली मोजणी १९८२ मध्ये हातावेगळी झाली.

लगेच १९८३ चा कोरडा हंगाम एल निन्योमुळे भलताच लांबला. १९८५ ची दुसरी मोजणी झाली तेव्हा कळलं की त्या एका दुष्काळानं कितीतरी झाडं, विशेषतः मोठी झाडं, उभ्यानं मारली होती. ओलाव्याला सोकावलेल्या काही जाती त्यानंतर उतरणीलाच लागल्या. पहिली मोजणी दोन वर्षं उशिरा सुरू झाली असती तर दुष्काळानंतरचं जंगल हेच मूळचं जंगल म्हणून लिहिलं गेलं असतं.

मला या हकिकतीतली ही तारखांची जुळणी फार मोठी वाटते. दुष्काळ येणार म्हणून कुणी मोजायला बसलं नव्हतं. मोजणी आधी होती म्हणून दुष्काळ वाचता आला. विदर्भात आपण किती दुष्काळ पाहिले! १९७२ चा तर आजही घराघरांत सांगितला जातो. माणसं कुठे गेली, धान्य काय भावानं मिळालं, सुकडी कशी वाटली, सगळं सांगणारे आहेत. त्या दुष्काळात पेंच-नागझिऱ्यातली किती झाडं वाळली, आणि कोणती, हे झाडनिहाय सांगणारी एखादी वही मला अजून बघायला मिळालेली नाही.

*

पनामाचं जंगल आपल्यासारखं नाही. मुदुमलाईचं आहे. निलगिरीच्या पायथ्याशी, तामिळनाडूत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रामन सुकुमार यांनी १९८८ साली तिथे एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद असा पन्नास हेक्टरांचा तुकडा आखला. पंचवीस हजारांवर खोडं आणि सत्तरेक जाती. यादी वाचताना आपल्याच रानात फिरल्यासारखं होतं: साग, ऐन, धावडा, आणि आपल्या लेंडियाचा सख्खा भाऊ नाणा. दरवर्षी कोण मेलं, कोण नवं आलं याची फेरी. दर चार वर्षांनी सगळ्यांचा घेर. हे काम सुरू झालं तेव्हा कॉलेजात असलेली माणसं आज निवृत्तीला आली, आणि मोजणी चालू आहे.

तिथून दोन गोष्टी कळल्या. पहिली वणव्याची. लागोपाठ वणवे लागले की मोठी झाडं टिकून राहतात, बारीक खोडं मरतात. बाहेरून बघणाऱ्याला जंगल उभंच दिसतं. पुढची पिढी खालून नाहीशी होत असते आणि ती फक्त एक सेंटिमीटरपासून मोजणाऱ्यालाच दिसते. दुसरी गोष्ट हत्तींची. वारंग नावाचं झाड हत्तींना फार आवडतं, ते साल सोलून खातात. पहिल्या मोजणीत वारंगाची हजारो खोडं होती. काही वर्षांतच ती भराभर ओसरली. तेवढ्याच काळात साग, धावडा मात्र जागचे हललेही नाहीत.

वारंगाकडे पुढे पुन्हा येतो.

*

आपल्याकडे जुनं काही नाही असं मात्र नाही. मध्य प्रांत १८६१ साली झाला, नागपूर त्याची राजधानी. कर्नल पिअर्सन इथल्या जंगलांचा पहिल्या काळातला मुख्य अधिकारी. सातपुड्यातलं बोरीचं जंगल त्याच्या काळात, १८६५ मध्ये राखीव झालं. वणवा बाहेर ठेवायचा पहिला मोठा प्रयोगही तिथलाच. आग रोखावी की लागू द्यावी हा वाद त्यानंतर दीडशे वर्षं चालू आहे. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांबद्दल स्लेड नावाच्या अधिकाऱ्यानं १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं की आगीपासून इतकं जपल्यानं सागाची रोपं येईनाशी झाली आहेत. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं होती. दोघांनीही आपापलं रान पाहिलेलं होतं, आणि वेगवेगळी रानं पाहून वाद मिटत नसतो. एकाच जंगलाच्या लगतच्या दोन तुकड्यांत, एकात आग आणि एकात नाही, असं पन्नास वर्षं मोजलं तर मिटेल.

वनखात्यानं नमुना-तुकडे राखले होते, मापं घेतली होती. त्या मापांवर १९४० साली लॉरी आणि संत राम यांनी सागाच्या रोपवनांची उत्पन्न-कोष्टकं छापली: अमुक प्रतीच्या जमिनीत अमुक वयाचा साग किती उंच, किती जाड, एकरी किती लाकूड. मेहनत अफाट. पण प्रश्न लाकडाचा होता, म्हणून साग मोजला गेला. मोवई, रोहन, भेरा यांना त्या कोष्टकात जागा नव्हती. जे विकायचं नव्हतं ते मोजायचं कुणाला सुचलं नाही, आणि आज नेमकं त्याचंच माप हवं आहे.

*

उगेमुगे यांची ‘फ्लोरा ऑफ नागपूर डिस्ट्रिक्ट’ १९८६ ची. नागपूर जिल्ह्यात कोणती वनस्पती कुठे मिळाली, केव्हा फुलली. हा ग्रंथ उशाशी ठेवावा असा आहे. फक्त ती हजेरी आहे. एखादी जात आहे की नाही हे त्यात सापडतं. किती आहे, वाढते की घटते, हे हजेरीपटावरून कळत नाही. जात नाहीशी होते ती शेवटच्या दिवशी. त्याच्या आधीची तीस वर्षं ती विरळ होत असते, आणि हजेरी लागतच राहते.

*

वाघाचं मोजमाप आपण उत्तम करतो, हे अभिमानानं सांगावं असं आहे. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघांचा अंदाज निघाला, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२, २०२२ मध्ये ४४४. एका कॅमेऱ्यासमोरून गेलेल्या वाघाचे पट्टे दुसऱ्या कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांशी ताडून पाहिले जातात. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघून ज्ञानगंगेपर्यंत गेलेल्या तरुण वाघाच्या गळ्यातल्या पट्ट्यानं तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट नोंदवून ठेवली. ताडोब्यात भारतीय वन्यजीव संस्थेचं वाघांवरचं काम वर्षानुवर्षं सलग चालू आहे.

याच वाघमोजणीच्या पोटात झाडांची एक मोजणी दडलेली आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. दर चार वर्षांनी प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे आपापल्या हद्दीत, वनरक्षक ट्रान्सेक्ट लाइनवर, म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवर चालतो. हरणं, सांबरं, गवे दिसतील ते लिहितो. परतताना दर चारशे मीटरला थांबतो, पंधरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सर्वांत जास्त असलेली पाच झाडं क्रमानं लिहितो, मग झुडपं, मग तण, मग खाली गवत किती आणि उघडी जमीन किती. मी एका वनरक्षकाबरोबर ही लाइन चाललो आहे. त्यानं थांबायच्या आधीच पाचही नावं म्हटली: साग, लेंडिया, ऐन, तेंदू, भेरा. मग तरीही उभा राहून चारी दिशांना पाहिलं, बोटांवर मोजलं, आणि तेंदू वर, ऐन खाली केला. ‘साहेब, मागच्या खेपेला ऐनच वर होता,’ म्हणाला.

हा ‘मागच्या खेपेला’ मला फार मोलाचा वाटतो. देशभर हजारो बीट, २००६ पासून दर चार वर्षांनी, तीच पद्धत. पाचच झाडं आहेत, घेर नाही, झाडाला नंबर नाही. तरी एवढ्या विस्तारात एवढा सलग पट दुसरा कुठला असेल? तो वाघाच्या आकड्याखाली दबलेला आहे. वनरक्षकांनी लिहिलेलं हे सगळं बीटवार काढून, एकाखाली एक मांडून, ज्या त्या बीटच्या माणसाला परत दाखवलं पाहिजे. तुझ्या लाइनीवर सोळा वर्षांत काय झालं ते बघ, म्हणून. त्याच्या पुढच्या नोंदीची धार आपोआप वाढेल.

*

मोहाचे दिवस. पहाटे चारला बायका टोपल्या घेऊन निघतात. ज्या त्या घरची झाडं ठरलेली. देवलापारच्या बाजूची एक मावशी आहे, सासूकडून आलेली सात झाडं वेचते. तिला प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक. हे आधी गळतं, ते एक आड एक वर्ष देतं, नाल्याकाठचं उशिरापर्यंत चालतं.

‘औंदा कसा आहे मोहा?’

‘पडून राहिला, भाऊ, पण दम नाही त्याच्यात. ढग आलं का फूल जळते. नाल्यावरचा तेवढा पडला बराबर.’

सात झाडं, सासूची आणि तिची मिळून चाळीसेक वर्षं, दरवर्षी त्याच झाडांखाली, त्याच दिवसांत, रोज. कोणत्या विद्यापीठाकडे एवढी लांब नोंद आहे? तिच्याकडे कागद नाही, टोपल्या आहेत. शेजारच्या पोरीला मी एक शाळेची वही दिली आहे. झाडाला एक पान, रोजच्या टोपल्या, पहिलं फूल कधी, शेवटचं कधी. ती पोरगी नववीत आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे.

मोहाखालचा पाला जाळतात, फूल दिसावं म्हणून. वणव्याचं हे एक कारण आहेच. पण त्यावरून मोहवाल्यांना नुसतं झापत बसणं मला पटत नाही. खाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही. त्याचा खर्च किरकोळ आहे. ज्यांना जंगल वाचवायचं आहे त्यांनी तो करावा.

*

तेंदूपत्त्याची फळी. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांचं गोणं. कोणत्या युनिटमध्ये किती गोणी निघाली हे लिलावासाठी दरवर्षी लिहिलं जातं, कितीतरी दशकं. तेंदूच्या झुडपाची तब्येत त्यात शोधता येईल का? काही प्रमाणात येईल. भाव पडला, मजूर आला नाही, अवकाळी गारा झाल्या, तरी गोणी घटतात. हे बाजूला काढावं लागेल. पण गारपिटीच्या तारखाही आहेत आणि भावही आहेत. कुणी तरुण विद्यार्थ्यानं हात घालावा असं काम.

*

मानवेल, म्हणजे आपल्या रानातला भरीव बांबू, आयुष्यात एकदा फुलतो आणि मरतो. टापूच्या टापू एकदम फुलतात. हे चक्र वेगवेगळ्या भागांत वीसेक वर्षांपासून साठ-पासष्ट वर्षांपर्यंत सांगितलेलं आहे. म्हणजे एका वनाधिकाऱ्याच्या सबंध नोकरीत एकदा, कदाचित तेही नाही. फुलल्यावर जमिनीवर बियांचा थर, मग उंदीर, मग वाळलेल्या बांबूची आग, मग रोपं, मग ती चरणारी जनावरं. कोणतं रोप वर येतं यावर पुढची चाळीस वर्षं ठरतात.

याचा अभ्यास करायला दोन फुलोऱ्यांचे साक्षीदार हवेत, आणि माणूस सहसा एकाच फुलोऱ्याला पुरतो. म्हणून बांबूबद्दल आपल्याला जे कळतं ते कुणीतरी कुणासाठी तरी लिहून ठेवलं म्हणून कळतं.

*

साग स्वतः लिहितो. पावसाळ्याच्या तोंडाला मोठी छिद्रं, पुढे दाट लाकूड, दर वर्षाचं एक वलय. उष्ण कटिबंधातल्या फारच थोड्या झाडांची वलयं इतकी स्पष्ट असतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाण्याकडच्या सागाची वलयं हवामानाशी ताडून पाहिली होती. बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दक्षिणेतल्या सागाची ५२३ वर्षांची रांग मांडली आणि अरुंद वलयांत मान्सूनचे दुष्काळ दाखवले. आपल्या जवळचं म्हणजे तेव्हाचं होशंगाबाद: तिथल्या सागावरून लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या अभ्यासकांनी जुन्या पावसाचा अंदाज बांधला, २००७ मध्ये.

आलापल्लीला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून सहा हेक्टरांचं जुनं जंगल राखलेलं आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे सागाच्या बुंध्याशी उभं राहून वर बघितलं की टोपी पडते. सहा हेक्टर म्हणजे पनामातल्या त्या तुकड्याचा आठवा भाग. तरी तिथलं प्रत्येक खोड, रोपासकट, नंबर घालून मोजायला लायक आहे, कारण ती जागा पुढेही राखलेलीच राहणार आहे. एवढी एक खात्री असली की अर्धं काम झालं.

*

शहरातसुद्धा झाडं मोजायचा प्रश्न उभा राहिला. अजनीच्या रेल्वे वसाहतीतली झाडं वाचवायला २०२०-२१ मध्ये नागपूरकर जमले, लहान मुलं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. त्याच सुमारास, २०२१ मध्ये, राज्यानं शहरी वृक्षसंरक्षणाचा कायदा बदलला: पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘हेरिटेज’, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची.

उत्तम कायदा. पण वय कसं काढायचं? कडुनिंबाचा घेर दोन मीटर आहे, तर तो चाळीसचा की सत्तरचा? नागपूरच्या काळ्या मातीत, नळाच्या पाण्याशेजारी आणि सेमिनरी हिल्सच्या मुरमात तोच कडुनिंब सारख्या वेगानं वाढत नाही. सागासारखी स्पष्ट वलयं सगळ्याच झाडांना नसतात, आणि उभं झाड कापून बघता येत नाही. मग राहतं एकच: याच गावात, याच मातीत, नंबर घातलेली झाडं वीस-तीस वर्षं मोजून वाढीचा वेग काढणं. महाराजबागेत, सेमिनरी हिल्सवर, विद्यापीठाच्या आवारांत हे आज सुरू करता येतं. एक टेप, एक वही आणि दर फेब्रुवारीतली एक सकाळ. शाळांनी घ्यावं. मुलगा पाचवीत मोजायला लागला तर दहावीला जाईपर्यंत त्याच्या हातात खरी मालिका आलेली असेल.

*

कोस्टा रिकातल्या ला सेल्वाच्या जंगलात डेबोरा आणि डेव्हिड क्लार्क या जोडप्यानं १९८४ ते २००० अशी सलग वर्षं झाडं मोजली. ज्या वर्षी रात्री जास्त उष्ण, त्या वर्षी झाडांची वाढ कमी. दुपारपेक्षा रात्रीचा पारा महत्त्वाचा निघाला, कारण रात्रभर झाड श्वासात कमाई खर्च करत असतं.

नागपूरची बातमी नेहमी कमाल तापमानाची होते. २३ मे २०१३ चे ४७.९ अंश सगळ्यांना पाठ आहेत. किमान तापमानाचा स्तंभही रोज छापून येतो. मी माझ्या वहीत घेरांशेजारी आता तो उतरवून घेतो.

*

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ ला सोलापुरात वारले. कितीतरी वर्षं ते नागपूरकर होते. वनखात्यातल्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. पाठोपाठ पक्षिकोश आणि बाकीचे कोश. त्यांच्या लिखाणातली भाषा सगळे वाखाणतात, आणि ती आहेच तशी. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त शिकवते: ते त्याच तळ्यावर पुन्हा पुन्हा गेले. नवेगावचे माधवराव पाटील, ढीवर, गोंड, जो सांगेल त्याच्या शेजारी बसून ऐकलं आणि त्याच रात्री लिहून ठेवलं. आकडे त्यांनी फार मांडले नाहीत. पण कोणता पक्षी कोणत्या झाडावर, कोणत्या नक्षत्रात, हे इतकं आहे की त्यांचं लेखन तारीख-ठिकाणानिशी उपसलं तर पन्नास वर्षांपूर्वीच्या नवेगावची एक आधाररेषा त्यातून उभी करता येईल. त्यांच्यावर गौरवग्रंथ निघतील. त्यांच्यासाठी हे काम कुणी केलं तर ते त्यांना जास्त आवडलं असतं असं मला वाटतं.

*

टाकळी, आता नागपुरातच. तिथल्या दगडांत पाद्री स्टीफन हिस्लॉप यांना १८५१ च्या सुमारास लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यांतले जीवाश्म मिळाले. छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानला तर अश्म झालेली ताडाच्या कुळातली खोडं, फळं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथलं रान आजच्यासारखं कोरडं, पानगळीचं नव्हतं. जंगल कायम तेच राहतं ही समजूत सोडायला एवढं पुरे.

*

हे सगळं करणार कोण? पीएच.डी.चा विद्यार्थी पाच वर्षांत जातो. प्रकल्पाचा पैसा तीन वर्षांचा. वनरक्षकाची, वनपालाची, साहेबांची बदली होते, आणि नव्या माणसाला जुना रंगाचा पट्टा कशाचा हे कुणी सांगत नाही. केंद्राचा दीर्घकालीन परिसर-वेधशाळांचा कार्यक्रम २०१५ मध्ये जाहीर झाला, त्यात मध्य भारतातली जंगलं धरली आहेत. चांगलं झालं. त्यात नागपूरच्या आसपासच्या पानगळीच्या रानाला ठळक वाटा मिळावा.

पण गावाची बदली होत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालत. मोहन हिराबाई हिरालाल गावकऱ्यांबरोबर बसत आणि मध, मासे, बांबू असा एकेक विषय घेऊन चर्चा होई. निर्णय ग्रामसभेचा आणि अभ्यासही ग्रामसभेचा. पाचगावसारख्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावानंही आपलं रान हाती घेतलं. विदर्भात अशा ग्रामसभा आता पुष्कळ आहेत, आणि त्यांना आपल्या बांबूचं, मोहाचं, तेंदूचं नियोजन दरवर्षी करावंच लागतं. प्रत्येक ग्रामसभेनं आपल्या जंगलात एक हेक्टर नंबर घालून राखला आणि रोजगार हमीच्या कामासारखी त्याच्या मोजणीची मजुरी ठरली, तर दहा वर्षांत विदर्भाकडे असं काही जमेल जे मोठ्या संस्थांनाही एकट्यानं जमणार नाही. वही तीन प्रतींत: एक गावात, एक वनविभागात, एक नागपूरच्या विद्यापीठात. वाळवी तिन्ही ठिकाणी एकदम लागत नाही.

*

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. तेव्हापासून बातम्या येतात त्या धानाच्या, पडक्या घरांच्या, मेलेल्या माणसांच्या. त्या यायलाच हव्यात. भरपाई वेळेवर मिळायला हवी, रात्रीची गस्त हवी, आणि हत्ती कुठे आहेत हे गावाला आधी कळायला हवं.

त्याच्या बरोबरीनं एक काम आत्ताच उरकण्यासारखं आहे. मुदुमलाईत हत्ती आधीपासून होते, त्यांनी वारंगाचं काय केलं हे मोजणीनं सांगितलं. गडचिरोलीत उलटं आहे. इथे कित्येक पिढ्या हत्ती नव्हते आणि आता आले आहेत. त्यांचं येणं एखाद्या जंगलाला काय करतं हे पहिल्या दिवसापासून पाहायची संधी फार क्वचित मिळते. कळपाच्या वाटेवर काही तुकडे आणि वाटेबाहेर काही तुकडे आखायचे. वारंग, बांबू, मोवई, ऐन, सगळ्यांना नंबर घालायचे. साल सोललेली असेल तर किती, कोणत्या बाजूची, हे लिहायचं. कळप अजून लहान आहे, बरीचशी झाडं अजून शाबूत आहेत. पहिली फेरी येत्या फेब्रुवारीत, पानं गळल्यावर आणि मोह पडायच्या आधी झाली पाहिजे. गावातली वेचणारी माणसं तेव्हाच मोकळी असतात, आणि मजुरीची गरजही त्यांना तेव्हाच असते.